एकच समुद्र, दोन पुळणी : एकीकडे शिंपल्यांचा खच आणि दुसरीकडे शुकशुकाट का?

प्रश्न : दापोली तालुक्यातील एका शाळेच्या विज्ञानशिक्षिकेने विचारले आहे : "आमच्या गावाच्या पुळणीवर ओहोटीला पायाखाली लहान शिंपले लागतात आणि वरच्या बाजूला खेकड्यांची बिळे तर मोजता येणार नाहीत इतकी असतात. डोंगराचे टोक ओलांडून पलीकडच्या पुळणीवर गेले, की वाळू जाडसर लागते आणि जिवंत म्हणावे असे काहीच दिसत नाही. अंतर जेमतेम दीड किलोमीटर. समुद्र तोच, पाणी तेच. मग जीव एकाच बाजूला का? आणि पावसाळ्यात आमच्याकडचे शिंपलेही नाहीसे होतात, ते जातात कुठे?"

उत्तर : पाणी तेच आहे, पण त्याची चाल तीच नाही. वाळूतल्या जिवाचे नशीब मुख्यतः तीन गोष्टी ठरवतात : लाट फुटल्यावर तिचे पाणी उतारावर किती लांब आणि किती सावकाश चढते, ते किती वेगाने परत उतरते, आणि ते उतरून गेल्यावर वाळू किती वेळ ओली राहते. वाळूचा कण, पुळणीचा उतार आणि लाटेची उंची या तीन गोष्टी आपल्याला वेगवेगळ्या दिसतात, पण त्या एकमेकींना घडवत असतात. पंचवीसेक वर्षे मी कोकणातल्या आणि गोव्यातल्या पुळणींवर चाळणी घेऊन बसलो आहे. दोन पुळणी शेजारी शेजारी असूनही आतून वेगळ्या असतात, हा अनुभव मला इतक्या वेळा आला आहे, की आपला प्रश्न वाचून पहिल्यांदा आनंद झाला. मुले याच प्रश्नाने समुद्र वाचायला शिकू शकतात.

आधी वाळूतल्या जिवाची अडचण समजून घेऊ. खडकावरची कालवे एकदा चिकटली, की जन्मभर तिथेच राहतात, म्हणून खडकावर त्यांचे पट्टे लांबूनही दिसतात. वाळूत चिकटायला काही नाही. मुळे धरून राहणारी वनस्पती नाही, आडोशाला दगड नाही, आणि वरची वीतभर वाळू प्रत्येक भरती-ओहोटीला उलटीपालटी होते. अशा जागी टिकायचे तर जिवाला एकतर खोल शिरता आले पाहिजे, नाहीतर पाण्याबरोबर जागा बदलता आली पाहिजे, आणि उकरले गेल्यास पुढची लाट येण्याआधी पुन्हा आत जाता आले पाहिजे. पुळण ओसाड दिसते ती यामुळे. तिथली वस्ती आडवी पसरलेली नसून उभी, खाली वसलेली असते. वरून चालत गेलेल्या माणसाने "इथे काही नाही" म्हणणे, हे घराच्या छपरावर उभे राहून घरात कोणी नाही म्हणण्यासारखे आहे.

आता आपल्या दोन पुळणींकडे येऊ. भूशास्त्रात साधारणपणे पाव मिलिमीटरपेक्षा लहान कणाला बारीक वाळू म्हणतात, पाव ते अर्ध्या मिलिमीटरच्या कणाला मध्यम आणि अर्धा ते एक मिलिमीटरच्या कणाला जाड. आपल्या वर्णनावरून आपली पुळण बारीक वाळूची आणि सपाट आहे, मुरूड-कर्द्याच्या पुळणीसारखी, जिथे ओहोटीला वाळू इतकी घट्ट बसते की पाऊल जेमतेम उमटते. पलीकडची पुळण जाड वाळूची, उताराची आणि पाय घोट्यापर्यंत रुतणारी असावी. जाड वाळूतून पाणी चटकन खाली झिरपते. त्यामुळे चढलेल्या लाटेचे पाणी परत येताना कमी उरते, ते वाळू खाली ओढून नेऊ शकत नाही, वाळू वरच साचते आणि उतार तीव्र होतो. उतार तीव्र झाला, की लाट लांबवर फुटत नाही. ती थेट पुळणीच्या तोंडावर येऊन आदळते. बारीक वाळूत याच्या उलट घडते. पाणी झिरपत नाही, परतताना वाळू घेऊन जाते, पुळण सपाट होते, लाटा दूरवर एकामागोमाग फुटत येतात आणि किनाऱ्याला पोहोचेपर्यंत त्यांची शक्ती जिरलेली असते.

हा फरक आकड्यांत मांडायची एक सोपी रीत आहे. अमेरिकन किनारा-अभियंते रॉबर्ट डीन यांच्या नावाने ती ओळखली जाते. फुटणाऱ्या लाटेची उंची घ्यायची आणि तिला दोन गोष्टींच्या गुणाकाराने भागायचे : वाळूचा कण स्थिर पाण्यात ज्या वेगाने खाली बसतो तो वेग, आणि एका लाटेपासून दुसरीपर्यंतचा काळ. समजा लाट एक मीटरची आहे आणि दर आठ सेकंदांनी येते. ०.२ मिलिमीटरचा कण सेकंदाला सुमारे अडीच सेंटिमीटर वेगाने बसतो, म्हणजे उत्तर ५ येते. ०.६ मिलिमीटरचा कण सुमारे आठ सेंटिमीटर वेगाने बसतो, तेव्हा उत्तर दीडच्या आसपास येते. हा आकडा पाच-सहाच्या वर गेला तर ती लाटेची शक्ती जिरवणारी सपाट पुळण, आणि दोनच्या खाली आला तर लाट परतवणारी उभी पुळण. त्याच दिवशी, त्याच समुद्रातली तीच लाट असली तरी नुसत्या कणाच्या फरकाने पुळणीची जात बदलते. आपल्या "समुद्र तोच" या म्हणण्याला हेच उत्तर आहे.

याचा प्राण्यांशी संबंध दक्षिण आफ्रिकेतील अँटन मॅकलाखलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार नेमका जोडला. जगभरच्या पुळणींची तुलना करून त्यांनी दाखवले, की सपाट, बारीक वाळूच्या आणि मोठ्या भरती-ओहोटीच्या पुळणीवर जातींची संख्या सर्वांत जास्त असते आणि पुळण जसजशी उभी व जाड होत जाते तसतशी एकेक जात गळत जाते. त्यांच्या मते कारण लाटेच्या धावेत आहे. सपाट पुळणीवर पाण्याची धाव लांब आणि संथ असते. शिंपल्याला बाहेर यायला, पाण्याबरोबर सरकायला, अन्न गाळायला आणि पुन्हा रुतायला सवड मिळते. उभ्या पुळणीवर पाणी धाडकन चढते, धाडकन उतरते आणि मागोमाग पुढची लाट येते. जो जीव पाच-सहा सेकंदांत रुतू शकत नाही, तो तिथे वाहून जातो किंवा आपटून मरतो. म्हणजे शिंपल्यांना पलीकडची पुळण मिळाली नाही असे नाही. त्यांची पिल्ले अळीरूपात समुद्रभर फिरतात आणि दोन्ही पुळणींवर उतरतात, पण एका ठिकाणी त्यांचा टिकाव लागतो आणि दुसऱ्या ठिकाणी लागत नाही.

आपल्याकडे पायाखाली लागतात ते लहान, पाचरीच्या आकाराचे, गुळगुळीत शिंपले बहुधा डोनॅक्स वंशाचे असावेत. खाडीतल्या तिसऱ्यांचे हे नातलग, पण उघड्या पुळणीवर राहायला शिकलेले. रत्नागिरीजवळच्या मिऱ्या उपसागरातील डोनॅक्स क्युनिएटस आणि गोवा-केरळच्या किनाऱ्यावरील डोनॅक्स इन्कार्नेटस यांच्यावर गेल्या शतकात चांगले काम झाले आहे. एकदा भरती लागताना पाण्याच्या कडेला उकिडवे बसून पाहा. लाट येते, वाळूचा वरचा थर सैल होतो आणि एकदम दहा-वीस शिंपले वाळूतून वर निघतात, पाण्याबरोबर हात-दोन हात वर सरकतात. पाणी थांबण्याच्या क्षणाला शिंपला आडवा पडलेला असतो. मग त्यातून जिभेसारखा पांढरा पाय बाहेर येतो, वाळूत खुपसला जातो, टोकाशी फुगून नांगरासारखा घट्ट बसतो, शिंपला त्यावर उभा राहतो आणि दोन-तीन झटक्यांत दिसेनासा होतो. मागे वाळूत दोन बारीक छिद्रे उरतात. एक पाणी आत घेणाऱ्या नळीचे, दुसरे बाहेर सोडणाऱ्या नळीचे. भरतीबरोबर वर, ओहोटीबरोबर खाली असे हे शिंपले दिवसातून दोनदा स्थलांतर करतात, म्हणून दुपारी जिथे त्यांचा खच होता तिथे संध्याकाळी एकही सापडत नाही. शोधणाऱ्याची चूक नसते, वस्तीच हललेली असते.

तळाला, जिथे पाणी जेमतेम उघडते अशा पट्ट्यात, बटणाएवढ्या चकचकीत शंखांची गोगलगाय अंबोनियम आढळते. तिच्या शंखावरची नक्षी प्रत्येकीची वेगळी असते. गोगलगाय असूनही ती शिंपल्यांप्रमाणे पाणी गाळून अन्न मिळवते, आणि तिला शांत, अगदी बारीक वाळूच लागते. तिच्याच शेजारी नॅटिका गटातली शिकारी गोगलगाय वाळूखालून सरकत असते. किनाऱ्यावर मुलांना सापडणाऱ्या अनेक शिंपल्यांच्या टोकाशी कडा निमुळत्या केलेले, कंपासने काढल्यासारखे गोल भोक असते. ते या गोगलगायीने कोरलेले असते.

पलीकडच्या पुळणीवर काहीच नाही, हे मात्र मला मान्य नाही. तिथे लाट जिथे चढते-उतरते त्याच ओल्या पट्ट्यात, पाणी उतरत असताना वाळूवर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या बारीक रेघा दिसतात का, ते पाहावे. त्या रेघा दिसल्या तर ओंजळभर वाळू झटकन उपसावी. एमेरिटा हा नांग्या नसलेला, अंड्याच्या आकाराचा खेकडा हाती लागेल. तो मागच्या बाजूने वाळूत शिरतो, डोळे आणि मिशा तेवढ्या बाहेर ठेवतो आणि उतरत्या पाण्यात पिसासारख्या मिशा पसरून अन्नकण गाळतो. मादीच्या पोटाखाली नारिंगी अंड्यांचा पुंजका असतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची एमेरिटा होल्थुइसी ही जात १९६५ साली के. एन. संकोळ्ळी यांनी नव्याने वर्णिली. हा जीव लाटेच्या माराला भीत नाही, कारण तो डोनॅक्सपेक्षाही वेगाने रुततो आणि वाहते पाणी हीच त्याची अन्न मिळवण्याची सोय आहे. त्यामुळे उभ्या पुळणीवर जाती थोड्या असल्या तरी ज्या आहेत त्या तिथल्याच पक्क्या रहिवासी असतात.

आता पुळणीच्या उभ्या छेदाकडे वळू. स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ एरिक डाल यांनी १९५२ मध्ये वाळूच्या किनाऱ्याचे तीन पट्टे कवचधारी (खेकडे-कोळंबीच्या गटातल्या) प्राण्यांवरून पाडले, तर फ्रेंच अभ्यासक सल्व्हा यांनी १९६४ मध्ये वाळूतल्या ओलाव्यावरून चार. मला सल्व्हा यांची रीत जास्त उपयोगाची वाटते, कारण तिच्यात कारणही दडलेले आहे. सर्वांत वर कोरडी वाळू, जिथे फक्त उधाणाचे पाणी पोहोचते. तिच्या खाली ओहोटीला पाणी निघून जाते पण कणांना चिकटलेला ओलावा टिकतो असा पट्टा. त्याखाली भूजल पाझरून पुन्हा पृष्ठभागावर येते आणि वाळू आरशासारखी चकाकते तो पट्टा. आणि तळाला सदैव पाण्याने भरलेला पट्टा. आपल्या पुळणीवर सूर्य तिरपा असताना पाहिले, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्यातली सीमा डोळ्यांना स्पष्ट दिसते, आणि डोनॅक्सचे शिंपले त्या चकाकणाऱ्या भागाला धरून असतात हेही दिसते.

एक सोपी परीक्षा इथे सांगतो. ओल्या वाळूवर पाय दाबा. काही ठिकाणी पायाभोवती वाळू क्षणात पांढरी, कोरडी दिसते. दाबामुळे कण एकमेकांवर चढून मधली जागा वाढते आणि पाणी त्या पोकळीत शोषले जाते. अशी वाळू उकरायला कठीण असते. आणखी खाली, जिथे पाणी भरपूर आहे, तिथे पाय दाबून हलवला की वाळू पातळ होते, दह्यासारखी. रुतणाऱ्या जिवाला ही दुसरी वाळू हवी असते. पहिल्या वाळूतही तो शिरू शकतो, पण वेळ जास्त लागतो, आणि ज्या जागी पाच सेकंदही मोलाचे आहेत तिथे हा फरक फार मोठा ठरतो.

वरच्या कोरड्या पट्ट्यावर भूतखेकड्यांचे राज्य आहे. ऑसिपोड या वंशनावाचा अर्थच वेगवान पायांचा. आपल्याकडे डोळ्यांवर शिंगासारखी टोके असणारी ऑसिपोड सेराटॉफ्थॅल्मस ही जात सर्रास आढळते. हे खेकडे हवेत वावरतात, पण श्वसन कल्ल्यांनीच करतात, म्हणून कल्ले ओले ठेवणे ही त्यांची कायमची गरज आहे. पायांच्या बुडाशी असलेल्या केसांच्या झुपक्यांनी ते ओल्या वाळूतले पाणी शोषून घेऊ शकतात. बीळ ओलाव्यापर्यंत न्यावे लागते, त्यामुळे पुळणीवर जितके वर जावे तितके बीळ खोल होते, कधी मीटरभराच्या आसपासही. लहान पिल्लांना इतके खोल उकरता येत नाही, म्हणून ती खालच्या, ओल्या बाजूला राहतात आणि मोठे खेकडे वर. बिळाच्या तोंडाचा व्यास खेकड्याच्या पाठीच्या रुंदीशी बराच जुळतो. म्हणून एकही खेकडा न पकडता, नुसती बिळे मोजून लहान किती आणि मोठे किती याचा अंदाज बांधता येतो. दुपारी वरची वाळू इतकी तापते की अनवाणी उभे राहवत नाही, पण हातभर खाली ती गार आणि ओली असते. खेकडा दिवसभर तिथे असतो आणि दिवस मावळला की बाहेर पडतो.

खाडीच्या मुखाजवळ, म्हणजे आंजर्ल्याला जोग नदी मिळते तशा जागी, लाट मंद असते आणि वाळूत थोडा गाळ मिसळलेला असतो. तिथे ओहोटीला वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी पडलेली आपण पाहिली असेल. ती डॉटिला किंवा स्कोपिमेरा या वाटाण्याएवढ्या खेकड्यांची करामत असते. खेकडा बिळातून बाहेर येतो, चिमटीने वाळू तोंडाशी नेतो, तोंडातल्या पाण्यात तिच्यावरचे शैवाल आणि जिवाणू धुऊन घेतो, उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो आणि एक पाऊल पुढे सरकतो. त्याला वाळू इतकी ओली लागते की अन्न धुता यावे, आणि इतकी निथळलेली की गोळी वळता यावी. एवढ्या नेमक्या ओलाव्याचा पट्टा अरुंद असतो, म्हणून त्यांची वस्तीही पट्ट्यातच दाटते. भरती जवळ आली, की ते हवेचा बुडबुडा सोबत घेऊन बीळ वरून बंद करतात.

डोळ्यांना न दिसणारी वस्ती याहून कितीतरी दाट आहे. वाळूच्या ढिगात साधारण चाळीस टक्के जागा रिकामी असते आणि त्या रिकाम्या जागेत सूत्रकृमी, सूक्ष्म कवचधारी आणि केसाळ पोटाचे गॅस्ट्रोट्रिक राहतात. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ आडोल्फ रेमाने यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात या कणांमधल्या जगाचा पद्धतशीर शोध सुरू केला. इथेही कणाचा आकारच हुकूम सोडतो. कण सुमारे ०.२ मिलिमीटरपेक्षा बारीक झाला, की कणांमधून सरपटत जाणाऱ्यांना वाट उरत नाही आणि कण बाजूला ढकलून शिरणाऱ्या सूत्रकृमींचे प्राबल्य होते. बारीक वाळूत पाणी हळू फिरते म्हणून प्राणवायूही लवकर संपतो. आपल्या पुळणीवर शांत कोपऱ्यात हातभर उकरल्यास खाली करडा-काळा थर आणि कुजक्या अंड्याचा वास लागेल. प्राणवायू कुठे संपतो ती हद्द तो दाखवतो. गंमत अशी, की शिंपल्यांना नकोशी झालेली पलीकडची जाड वाळू या सूक्ष्म जिवांना फार मानवते, कारण तिच्यातून दर लाटेला ताजे पाणी गाळले जाते. सूक्ष्मदर्शक असेल तर मुलांना दोन्ही वाळू शेजारी शेजारी पाहू द्या.

भरती-ओहोटीबद्दल एक गोष्ट अभ्यासाच्या पुस्तकांत क्वचितच असते, पण कोकणात ती महत्त्वाची आहे. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी चार ते पाच मीटर चढते-उतरते, गोव्याकडे सुमारे दोन मीटरच. त्यामुळे उतार सारखा असला तरी उत्तरेकडची पुळण अधिक रुंद उघडते. दोन मीटरला पन्नासात एक उतारावर शंभर मीटर पुळण उघडी पडते, चार मीटरला दोनशे. शिवाय आपल्याकडे तिथीच्या पाऊणपट तासांनी भरती पूर्ण होते, हा जुना हिशोब आपल्याला ठाऊक असेलच. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी-मध्यरात्री आणि मोठी ओहोटी सकाळी-संध्याकाळी. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी सर्वांत लहान असते तेव्हा, भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी बारा वाजता, पण ती लहान. याचा अर्थ सर्वांत तळाचा, सर्वांत नाजूक जिवांचा पट्टा आपल्या किनाऱ्यावर भर दुपारच्या उन्हात सहसा उघडा पडत नाही. तो उघडतो तेव्हा ऊन कोवळे असते. ज्या किनाऱ्यांवर मोठी ओहोटी दुपारी लागते तिथे तळाच्या जिवांना ही सवलत नाही.

पावसाळ्यात शिंपले जातात कुठे, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वाळू जाते कुठे यात आहे. जून ते सप्टेंबरच्या उंच लाटा पुळणीची वाळू खरवडून थोड्या अंतरावर पाण्याखाली दांड्याच्या रूपाने नेऊन ठेवतात. पुळण मीटरभर, काही ठिकाणी त्याहून जास्त खाली बसते, कधी खालचे गोटे आणि जुने दगड उघडे पडतात. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र उतरू लागला की तीच वाळू हळूहळू परत येते आणि मार्च-एप्रिलपर्यंत पुळण भरून निघते. शिंपल्यांपैकी काही वाळूबरोबर खोल पाण्यात जातात, पण बहुतेक मरतात. खाडीच्या मुखाशी तर नदीच्या गोड पाण्याने खारटपणा इतका उतरतो, की लाटांनी सोडलेलेही वाचत नाहीत. ऑक्टोबरनंतर नवी पिल्ले अळीरूपातून उतरतात, तांदळाच्या कण्यांएवढी असतात, आणि उन्हाळ्यापर्यंत वाढतात. यातले बरेचसे जीव म्हणजे वर्षाचे पीक आहे. दर पावसाळ्यात शेत रिकामे होते आणि दर हिवाळ्यात नव्याने पेरले जाते. मला स्वतःला ही गोष्ट नीट उमगायला दोन वर्षे लागली. पहिल्या ऑक्टोबरात चाळणी रिकामी निघाली तेव्हा आपल्या हातून पुळणीची काहीतरी हानी झाली, असे वाटून मी चार दिवस अस्वस्थ होतो.

ऑलिव्ह रिडले कासवांचे वेळापत्रकही याच हिशोबात बसते. वेळास, आंजर्ले, केळशी आणि गुहागर येथे, तसेच गोव्यात मोरजी, आगोंद व गालजीबाग येथे ती प्रामुख्याने नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालतात. पुळण पुन्हा उंच झालेली असते आणि अंडी उबायला लागणारे सुमारे ४५ ते ६० दिवस पावसाळ्याच्या लाटांपूर्वी मिळतात. घरटे उधाणाच्या रेषेच्या वर, पुळणीच्या वरच्या कडेला वाळूवर पसरणाऱ्या मर्यादावेलीच्या आसपास असावे लागते. वाळू फार कोरडी असेल तर खड्डा ढासळतो, फार ओली असेल तर अंडी गुदमरतात. आतल्या वाळूचे तापमान सुमारे २९-३० अंशांच्या वर असेल तर माद्या जास्त होतात, खाली असेल तर नर. काळबादेवी, मिऱ्या, भाट्ये या परिसरात इल्मेनाइट या काळ्या खनिजामुळे वाळू काळी आहे आणि काळी वाळू जास्त तापते, म्हणजे खनिजाचा रंगसुद्धा या हिशोबात येतो. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांसोबत जे संरक्षण उभे केले, त्यामुळे या सर्व गोष्टींकडे किनाऱ्यावरच्या माणसांचे लक्ष गेले, याचे मला मनापासून समाधान वाटते.

हिवाळ्यात येणारे पाणपक्षी या सगळ्या वस्तीचा वरून काढलेला नकाशाच असतात. छोटे करडे-पांढरे सँडरलिंग लाटेमागे धावत जातात आणि लाट आली की उलटे पळतात. ते जिथे थांबून चोच मारतात तिथे खाली खाणे असतेच. एखाद्या पुळणीवर ते थांबतच नसतील, तर ती माहितीही नोंदवण्यासारखी आहे.

माणसाच्या हस्तक्षेपाबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण त्यांचा परिणाम मी प्रत्यक्ष मोजला आहे. धुपेवर उपाय म्हणून पुळणीच्या वरच्या कडेला दगडांचा बंधारा घातला, की पुळणीला पावसाळ्यात मागे सरायला जागा उरत नाही. लाट बंधाऱ्यावर आपटून परत फिरते, पायथ्याची वाळू नेते आणि सर्वांत आधी वरचा कोरडा पट्टा नाहीसा होतो. त्यासोबत भूतखेकडे जातात आणि कासवांची जागाही. दक्षिण रत्नागिरीतल्या एका गावी बंधाऱ्याआधी मी शंभर मीटरच्या ओळीत बिळे मोजत असे. बंधाऱ्यानंतर त्याच ओळीत भरतीला उभे राहायलाही जागा नव्हती. दुसरी गोष्ट वाहनांची. घट्ट वाळूवर गाडी सुखाने चालते, म्हणूनच ती नेली जाते, आणि नेमकी तीच वाळू सर्वांत दाट वस्तीची असते. दिवसा बिळाच्या वरच्या भागात बसलेले लहान खेकडे चाकाखाली चिरडले जातात आणि रात्री बाहेर आलेले मोठेही.

मुलांकडून दोन्ही पुळणींची तुलना करून घ्यायची असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासची संध्याकाळची ओहोटी धरावी, पाणी सर्वांत खाली जाण्याच्या तासभर आधी पोहोचावे. मर्यादावेलीपासून पाण्यापर्यंत दोरी ताणावी आणि तिच्यावर सारख्या अंतराने दहा जागा ठरवाव्यात. प्रत्येक जागी पंचवीस सेंटिमीटरचा चौकोन वीस सेंटिमीटर खोल उकरून वाळू बादलीत घ्यावी आणि समुद्राच्याच पाण्यात एक मिलिमीटरच्या जाळीतून चाळावी. रव्याची चाळण चालेल. उतार मोजायला सारख्या उंचीच्या, सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन काठ्या पुरतात. एक काठी वरच्या जागी आणि दुसरी पाण्याच्या बाजूच्या जागी उभी धरावी. वरच्या काठीमागून खालच्या काठीचे टोक क्षितिजाशी जुळवून पाहावे. नजरेची रेषा वरच्या काठीला तिच्या टोकापासून जितकी खाली छेदते, तितका त्या दोन जागांमधला उतार. जवळच्याच मोजणीच्या जागेवरची मूठभर वाळू वाळवून, कागदावर पसरून, भिंगाखाली मोजपट्टी ठेवून कणांचा आकार पाहावा. हे काम डिसेंबरात, मार्चमध्ये, मेच्या शेवटी आणि पुन्हा ऑक्टोबरात त्याच ओळीवर करावे, नाहीतर वाळूचे जाणे-येणे आणि जिवांचे जाणे-येणे एकत्र दिसणार नाही.

चाळणीतले शिंपले परत सोडताना ते कोरड्या वाळूवर टाकू नयेत, ज्या पट्ट्यातून घेतले तिथेच, पाण्याच्या कडेला ओल्या वाळूवर आडवे ठेवावेत, आणि मुलांच्या हाती घड्याळ द्यावे. शिंपला पाय बाहेर काढतो तिथपासून पूर्ण दिसेनासा होतो तिथपर्यंत किती सेकंद लागले ते प्रत्येकाने लिहावे, मग तोच प्रयोग पलीकडच्या पुळणीवर करावा आणि तिथे दोन लाटांमध्ये किती सेकंद मिळतात ते शेजारच्या रकान्यात लिहावे.